जीवाश्म-कीटकांचे पंख वाचायला शिकताना

या विषयाकडे येणारे बरेच जण मेगान्युराचं चित्र पाहून येतात. मीही तसाच आलो. फ्रान्समधल्या कॉमेंत्रीच्या कोळसाखाणीत सापडलेला, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा हा कीटक. पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरच्या आसपास. १८८५ साली शार्ल ब्रोंन्यार यांनी त्याला नाव दिलं. पण आकाराचं कौतुक लवकर ओसरतं. धड बहुतेक वेळा नसतंच, हाती येतो तो दगडावर उमटलेला शिरांचा ठसा. पुढचं सगळं काम त्या ठशावरच.

तेव्हा उत्क्रांतीचे सिद्धांत वाचण्याआधी शिरा ओळखायला शिका. पुढच्या कडेपासून कोस्टा, सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस आणि शेवटी अ‍ॅनल शिरा. नावं एका संध्याकाळी पाठ होतात. खरा वेळ जातो तो उंच-सखलपणात. पंख पन्हळी पत्र्यासारखा असतो. कोस्टा वर उचललेली, सबकोस्टा खाली दबलेली, रेडियस पुन्हा वर. जीवाश्मात घोळ असा की दगड फुटला की एकाच पंखाचे दोन ठसे मिळतात, आणि एकावर जो उंचवटा, तीच दुसऱ्यावर खाच. म्हणून आधी सबकोस्टा शोधायची. ती उंच दिसली तर समजायचं, आपण पंखाची खालची बाजू किंवा वरच्या बाजूचा उलटा साचा बघतोय. प्रकाश एका बाजूने, अगदी तिरका पाडा आणि तो कुठून पडलाय ते चित्रावर लिहून ठेवा. फोटो उलटा धरला तरी डोळ्यांना खाच उंचवटा वाटू लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? दोन शिरा एकमेकींत मिसळल्यात की एक नाहीशीच झालीय, हे ठरवताना हाच उंच-सखलपणा कामी येतो, आणि नातीगोती त्यावरच ठरतात. मेगान्युराला सर्रास ‘महाकाय चतुर’ म्हणतात. आजच्या चतुराच्या पंखाच्या पुढच्या कडेवर मधोमध नोडस नावाचा सांधा असतो, टोकाजवळ गडद ठिपका असतो. मेगान्युराला दोन्ही नाहीत. चुलत घराणं म्हणा फार तर.

मला स्वतःला पेलिओडिक्टिओप्टेरा, म्हणजे आता नामशेष झालेला कीटकांचा एक गट, जास्त भुरळ घालतात. त्यांच्यातल्या स्टेनोडिक्टियाला पंखांच्या दोन मोठ्या जोड्यांच्या पुढे, छातीच्या पहिल्या खंडावर, छोट्या पंखासारख्या पाळ्या होत्या. पंख पाठीच्या कडेतून फुटले की पायाच्या मुळाशी असलेल्या भागांतून, हा वाद जुनाच. २०१७ साली याकुब प्रोकॉप आणि सहकाऱ्यांनी याच गटाच्या पिल्लांचे पंखकोंब तपासून दोन्हींचा वाटा असल्याच्या बाजूने पुरावा मांडला. मला ते पटतं. पण पिल्लांचे चांगले जीवाश्म फार कमी, त्यामुळे वाद मिटला असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. पंख मिटून पाठीवर ठेवण्याची सोय ही पुढची मोठी पायरी. सालीखाली, पालापाचोळ्यात शिरता आलं ते त्यामुळेच, आणि आजचे बहुसंख्य कीटक याच शाखेतले.

सरावाला जीवाश्मच हवा असं नाही. पहिल्या पावसात दिव्याखाली गळून पडणारे वाळवीचे पंख, मेलेला चतुर, झुरळाचा घडी पडणारा मागचा पंख, आणि दहापट भिंग. रोज एक काढा, फोटो नको, पेन्सिलने.

प्रवेशाचं मात्र आधीच बघून घ्या. आपल्याकडे जीवाश्म भूशास्त्रात शिकवतात आणि कीटक प्राणिशास्त्रात किंवा कृषी महाविद्यालयात. भूशास्त्रातून येणार असाल तर कीटकांची शरीररचना स्वतः वाचावी लागेल, प्राणिशास्त्रातून आलात तर स्तरशास्त्र, म्हणजे खडकांच्या थरांचा अभ्यास. आणि अंबरकडे, म्हणजे झाडाच्या चिकट राळेच्या जीवाश्माकडे, जायचं असेल तर गुजरातमधल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरवरचे शोधनिबंध आधी वाचा. त्यात पंखच काय, अख्खे कीटक आहेत.