टू-व्हीलरची टेस्ट: आठचा आकडा पाय न टेकवता कसा काढावा

लर्निंग लायसन्सला ३० दिवस झाले की परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर पक्क्या लायसन्सच्या टेस्टचा स्लॉट घ्या; लर्निंगची मुदत सहा महिनेच असते. त्या दिवशी लर्निंग, आरसी, चालू विमा आणि पीयूसी बरोबर हवं. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेलं.

गाडी मात्र नीट विचार करून न्या. स्कूटरवर टेस्ट दिली तर विनागिअरचंच लायसन्स मिळतं, म्हणून अर्ज गिअरचा असेल तर गिअरचीच गाडी हवी. आदल्या रात्री मित्राकडून मागून आणलेली नको. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी पकडतो, आणि टेस्टमधला आठचा आकडा (त्या आकाराच्या ट्रॅकवर पाय न टेकवता गाडी फिरवणं) क्लच त्या एका जागेवर धरूनच निघतो. क्लच लिव्हर टोकाशी १० ते १५ मिलिमीटर ढिला असावा. पुढच्या चाकात हवा कमी असेल तर हँडल जड लागतं. गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालण्याचा वेग, इतकं कमी नको की रेस सोडली की गाडी बंद पडेल.

आता आठ. इथे पाय टेकतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: वळणात घाबरून क्लच पूर्ण दाबला जातो. गाडी आत झुकलेली असते आणि मागच्या चाकाच्या ओढीवर ती तोललेली असते. क्लच दाबला, ओढ संपली, गाडी आत कलंडली, पाय खाली. ‘भीती वाटली की क्लच दाब’ हा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. ‘जोरात काढ, तोल जात नाही’ हाही तितकाच वाईट. जोरात गेलं की वळण मोठं होतं आणि चाक पट्ट्याबाहेर जातं.

आधी सरळ रेषेत सराव करा. पहिला गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. एका जागी इंजिनचा आवाज किंचित बसतो आणि गाडी पुढे ओढ घेते. बोटं तिथेच थांबवा. तो हाफ क्लच. रेस थोडी आणि स्थिर ठेवा, वेग उजव्या पायाच्या मागच्या ब्रेकने आवरा. वीस पावलांचं अंतर जितकं सावकाश कापता येईल तितकं कापा. पाय न टेकवता जमेपर्यंत आठकडे वळूच नका.

मग मोकळ्या मैदानात सहा पावलांवर दोन विटा ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. जमलं की विटा पाऊल-पाऊल जवळ आणा. नजर पुढच्या चाकावर नको. मान वळवून थेट पलीकडच्या विटेकडे बघा. चाकाकडे पाहणाऱ्याचं हँडल थरथरतं, हे दर वेळी दिसतं. दोन्ही गोल जिथे मिळतात तिथे गाडी क्षणभर सरळ होते, तेवढ्यात नजर दुसऱ्या विटेवर न्या. गाडी आत झुकू द्या, अंग सरळ ठेवा, कोपर सैल. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, कधीच नाही. हळू वेगात त्याने गाडी जागच्या जागी आडवी होते. वीसेक मिनिटांनी थांबा, कारण सतत हाफ क्लचवर प्लेटा तापतात आणि पकडण्याची जागा सरकते.

स्कूटरवाल्यांना क्लच नाही, म्हणून त्यांनी रेस बारीक चालू ठेवून डावा ब्रेक हलका धरायचा. रेस पूर्ण सोडली की स्कूटरचीही ओढ तुटते. सीबीएसच्या (दोन्ही ब्रेक जोडलेल्या) स्कूटरवर डाव्या लिव्हरने पुढचा ब्रेकही थोडा लागतो, त्यामुळे एका बोटाइतकाच दाब द्या.

रस्त्यावरचा भाग सोपा: आरसा, इंडिकेटर, मागे नजर, मग वळण. हाताचे इशारेही पाठ असू द्या, विचारतात.

ट्रॅकवर जाण्याआधी साइड स्टँड वर घेतलाय का ते बघा. आठ संपला की मागच्या ब्रेकने, हँडल सरळ करून थांबा, आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच डावा पाय खाली टेकवा. नापास झालात तर पुन्हा टेस्ट ७ दिवसांनंतर देता येते. ते सातही दिवस विटांमध्ये घालवा.