चातुर्मासात बिघडणारे खूर आणि पाय भिजवायचे बूट

देवशयनीपासून देवउठनी एकादशीपर्यंत इंदूर, देवास, महू या पट्ट्यात लग्नं नसतात. वरातीच्या घोड्या चार महिने तबेल्यात उभ्या. काम नाही म्हणून नालबंदाला बोलावणं जात नाही, आणि रोज पाय उचलून बघायची सवयही सुटते. खाली ओलं शेण आणि मूत, बाहेर काढली तर माळव्याची काळी चिकणमाती, जी खुरात घट्ट बसते आणि तिथे हवा लागू देत नाही. खूर बिघडतात ते या रिकाम्या महिन्यांत. शेतावर घोडं ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यात सोयाबीन निघालं की कापलेल्या धांड्यांचे टोकदार खुंट तळव्याला लागतात, आणि पावसाने मऊ झालेला तळवा त्यांच्यापुढे टिकत नाही.

घोडी लंगडली की हल्ली ऑनलाइन बूट मागवला जातो, म्हणजे पाणी भरून त्यात खूर भिजवायचा बूट. बूट चांगलीच वस्तू आहे, पण आधी दुखणं ओळखा. गरम शेक हवा, बर्फ हवा की पाय भिजवायचाच नाही, हे ठरल्याशिवाय कुठला बूट घ्यायचा ते ठरत नाही.

काल ठीक असलेली घोडी आज एक पाय टेकवेना, खूर हाताला गरम लागतोय, आणि खुरावरच्या सांध्याच्या मागे बोट ठेवलं तर नाडी जोरात उडतेय, तर बहुतेक वेळा आत पू झालेला असतो. डॉक्टर किंवा जाणकार नालबंद तळव्याला छोटी वाट करून पू काढतो. त्यानंतर कोमट पाणी आणि एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दोन लिटर पाण्याला साधारण एक वाटी. पाणी आपल्या कोपराला सोसेल एवढंच गरम. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, तेही मोजके दिवस. तासन् तास पाय बुडवून ठेवला तर खूर मऊ पडतो आणि नवं दुखणं ओढवतं.

याच्या अगदी उलट दुखणं म्हणजे लॅमिनायटिस, खुराच्या आतल्या थराला येणारी सूज. रिकाम्या घोडीला खुराक तेवढाच चालू राहिला, किंवा रात्री सुटून तिने गव्हाच्या, मक्याच्या पोत्यात तोंड घातलं, की हे होतं. घोडी पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून भार मागे टाकते, वळायला नकार देते. इथे गरम पाणी अजिबात नको. धान्य खाल्लेलं कळल्याबरोबर, पाय दुखायची वाट न बघता, डॉक्टरांना बोलवा आणि बर्फाचं पाणी सुरू करा. पहिले दोन-तीन दिवस अखंड, गुडघ्याखालपर्यंत. एवढ्याशा बुटात हे काम होत नाही. उंच नळीचा बूट लागतो, आणि बर्फाची लादी फोडून भर घालत राहणारा माणूस लागतो.

तिसरं दुखणं या दिवसांत सगळ्यात जास्त दिसतं. पाय उचलला की घाण वास येतो, आणि तळव्यातल्या मऊ त्रिकोणी पुतळीच्या खाचांत काळा, चिकट लगदा निघतो. याला बूट घेऊ नका. पैसे वाचवा आणि त्या पैशात कोरडा भुसा, मुरूम आणा. खाचा नीट कोरा, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करा, त्याने धुवा, पुसून वाळवा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कापसाच्या वातीने खाचेत बसवा. जाडंभरडं मोरचूद उघड्या जखमेत भरायची जुनी सवय मात्र सोडा. त्याने जिवंत मांस जळतं.

आता बूट. भिजवायचा बूट आणि चालवायचा बूट वेगळे. चालवायच्या बुटाला पाणी निघून जायला भोकं असतात, तो इथे निरुपयोगी. पुवासाठी बूट असा हवा की पाणी खूर आणि कातडी मिळते त्या कडेच्या वर दोन-चार बोटं चढेल, कारण बरेचदा पू तिथूनच फुटतो. तोंड रुंद हवं. दुखरा पाय ढकलून आत घालायला लागला तर घोडी दुसऱ्यांदा पाय देणार नाही. माप घ्यायचं ते खूर तासल्यानंतर, रुंदी आणि टोकापासून टाचेपर्यंत लांबी, दोन्ही, आणि बूट त्याहून एक माप सैल. पायात नाल असेल तर तळ जाड रबराचा बघा. नालेच्या खिळ्यांची डोकी पातळ तळ दोन-चार वेळांत कापून टाकतात. तळाला खाचा हव्यात, गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर घसरतो. पट्टा बकलचा असेल तर उत्तम, चिकटपट्टीत (वेल्क्रोत) भुसा आणि केस भरले की ती धरत नाही. आणि बूट हातात पडला की पाणी भरून अर्धा तास टांगून ठेवा. शिवणीतून ठिबकला तर परत करा.

एकच घोडं असेल तर बूट घ्यायलाच हवा असं नाही. रबराचं बसकं घमेलं चालतं. बादली घ्यायची तर आधी कडी काढा, त्यात पाय अडकून घोडं बिथरतं. सलाइनची मोठी रिकामी पिशवी वरून कापून खुरावर चढवली आणि वर पट्टी बांधली तरी भागतं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खालून घट्ट बांधूनही नळी होते. पट्टी कुठलीही असो, पायाला करकचून नको. चार-पाच घोड्यांचा तबेला असेल तर मात्र बूट वसूल होतो. एकाचा दुसऱ्याला घालण्याआधी जंतुनाशकाने धुवा आणि उन्हात उलटा वाळवा.

पहिल्यांदा बूट कोरडाच घाला, पाय टेकवू द्या, थोडा चारा पुढे ठेवा. मग पाणी ओता. या वेळात घोडीला बांधून निघून जाऊ नका, म्होरकी धरून कोणीतरी उभं राहायला हवं. बूट काढल्यावर पाय पुसा, पू काढलेल्या भोकावर कापूस, वर बँडेज आणि वरून डक्ट टेप, म्हणजे शेण आत जाणार नाही. बूट घालून रात्रभर सोडणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

खिळा रुतला असेल तर उपसून फेकून देऊ नका. डॉक्टर लगेच येणार असतील तर तसाच ठेवा, फक्त आणखी आत जाणार नाही हे बघा. काढावाच लागला तर कुठे, किती खोल आणि कोणत्या दिशेने होता ते लिहून ठेवा. पुतळीच्या आसपासचा खिळा सांध्यापर्यंत पोचलेला असू शकतो आणि तिथे घरचा शेक पुरणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी विचारा. घोड्याइतका धनुर्वात फार थोड्या जनावरांना बाधतो. तीन दिवसांत लंगडणं कमी झालं नाही, किंवा सूज वर चढली, तर थांबू नका. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी 1962 हा क्रमांक आहे.

लग्नसराई कार्तिकात सुरू होईल, म्हणून नालबंदाला आत्ताच सांगून ठेवा. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पुवासाठी केलेली पोकळी भरून यायला महिने लागतात. त्या खुराला नाल ठोकताना पोकळीच्या बाजूचा खिळा वगळायला सांगा, आणि भोक पूर्ण कोरडं झाल्याशिवाय ते बुजवू देऊ नका.