मनगटावरचा लाल दिवा

सोल्डरिंग, मायक्रोकंट्रोलर, थ्री-डी प्रिंटिंग तुम्हाला येतं असं धरून चालतो. चिंतेने मुलांच्या पोटात गोळा येतो, छाती धडधडते, वर्गाच्या दारापाशी पाय अडतात, हेही तुम्ही वाचलं असणार. म्हणून थेट माझ्या फजितीकडे येतो. मुलांच्या चिंतेसाठी उपकरण बनवण्यात माझं दीड वर्ष गेलं. त्यातले पहिले आठ महिने एका दिव्यापायी वाया गेले, आणि ते आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

मनगटावर बांधायचा पट्टा होता. आत एमएएक्स-३०१०२, म्हणजे त्वचेत प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून नाडी मोजणारा सेन्सर. जोडीला दोन इलेक्ट्रोड, घामाने त्वचेची विद्युतवाहकता किती वाढली ते टिपणारे. दोन्ही आकडे मर्यादेच्या वर गेले की हिरवा दिवा लाल व्हायचा आणि पट्टा थरथरायचा. अर्थ काय, तर 'तुला चिंता वाटतेय, आता श्वास घे'. सादरीकरणात टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की सावध व्हा, त्या मोठ्यांच्या असतात.

पहिल्या चाचणीत नऊ वर्षांची एक मुलगी मधल्या सुट्टीत खेळून आली आणि दिवा लाल. ही चूक तुम्हीही ओळखली असेल. धावलं, जिना चढलं, खदखदून हसलं तरी नाडी वाढते. उकडलं तरी घाम येतो. मुलांची बसल्या जागीची नाडीही मोठ्यांपेक्षा जलद असते आणि मी शहाण्याने मर्यादा मोठ्यांच्या हिशेबाने ठेवली होती. त्यात बारीक मनगट, सैल पट्टा, सतत हलणारा हात. मग तीन महिने मी हेच दुरुस्त करत बसलो. हालचाल टिपणारा सेन्सर जोडला, हात हलत असताना आलेली वाचनं टाकून दिली, प्रत्येक मुलाची स्वतःची सरासरी काढली. वाचन खरंच सुधारलं.

आणि मुलीची अवस्था बिघडली.

इथे जरा थांबतो, कारण हा खड्डा वरून दिसत नाही. चिंता असलेलं मूल आपल्या छातीकडे आधीच कान लावून बसलेलं असतं. धडधड जाणवली की त्याला वाटतं, काहीतरी वाईट होणार. या भीतीने धडधड आणखी वाढते. स्टीव्हन रीस आणि रिचर्ड मॅकनली यांनी १९८५ मध्ये याच गोष्टीकडे बोट दाखवलं होतं: चिंतेच्या शारीरिक लक्षणांचीच भीती वाटणं. माझा पट्टा नेमका त्या भीतीच्या कानात ओरडत होता. मूल एरवी जी धडधड विसरून गेलं असतं, ती मी लाल रंगात त्याच्यापुढे ठेवत होतो. अचूकता वाढली तसा मुलीचा पट्ट्यावरचा विश्वासही वाढला, आणि मग ती दर दोन मिनिटांनी मनगट बघू लागली. मला म्हणाली, "लाल झालं की मला कळतं, आता होणार." पुढच्या आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "तुझा लाल का झाला?" त्या दिवसापासून पट्टा दप्तराच्या तळाशी.

माझे मार्गदर्शक म्हणाले, डेटा कमी पडतोय, मशीन लर्निंग लाव. मी तेही केलं, आणखी दीड महिना घालवून. स्पष्टच सांगतो, जो मार्गदर्शक घाबरलेल्या मुलाशेजारी अर्धा तास जमिनीवर बसलेला नाही, त्याच्याकडून सर्किट तपासून घ्या, पण उपकरणाने काय करावं हे त्याला विचारू नका. मला वाट दाखवली ती सोल्डरिंगची बंदूक कधी हातात न धरलेल्या एका समुपदेशक बाईंनी. त्यांनी एवढंच विचारलं, "चिंता आलीय हे मुलाला ठाऊक असतंच. ते यंत्राने कशाला सांगायचं?"

तुमचाही असा पट्टा अर्धा झाला असेल तर घाबरू नका, फार काही फुकट जात नाही. मी सेन्सर काढले, दिवा काढला. उरला खिशात मावणारा मऊ गोळा. मुलाने दाबला तरच जागा होतो आणि थरथरून हाताला श्वासाची लय देतो. सुरुवात मुलाने करायची, यंत्राने नाही. एवढा एक बदल.

त्यातही दोनदा आपटलो. मोठ्यांसाठी मिनिटाला सहाच्या आसपास श्वास सांगतात, म्हणून पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर असं ठेवलं. लहान मुलांचा श्वास मुळात जलद असतो. ती लय गाठायला मुलं छाती फुगवून हवा ओढू लागली आणि एकाला गरगरलं. आता लय मुलाच्या स्वतःच्या श्वासापेक्षा किंचितच संथ सुरू होते, बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब, आणि हळूहळू आणखी संथ. दुसरं म्हणजे नाण्यासारखी स्वस्त मोटर शांत वर्गात बाकावर टेकली की गुरगुरते. डीआरव्ही-२६०५ सारखी ड्रायव्हर चिप, म्हणजे मोटरची थरथर ताब्यात ठेवणारी चिप, आणि रेषेत कंप पावणारी मोटर घ्या, इथे पैसे वाचवू नका.

आणि नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल अजिबात नको. वीस मिलिमीटरचा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं. सेल संपलेला वाटला तरी धोका असतो. नमुनाच तर आहे, असं म्हणून टेप लावणारे मी पाहिलेत. स्क्रूने बंद होणारं आवरण पहिल्याच नमुन्याला हवं.

चाचणीत मुलांना 'आवडलं का' विचारून हसऱ्या चेहऱ्यांची पट्टी पुढे केलीत, तर लहान मुलं बहुतेक वेळा सगळ्यात हसरा चेहराच निवडतात. मी त्या आकड्यांवर एक अख्खा अहवाल लिहिला होता, जाऊ दे. त्यापेक्षा दोन नमुने समोर ठेवून मूल कोणता उचलतं ते बघा. गोळा आधी मूल शांत असताना रोज हाताळू द्या. घाबरल्यावर नवी गोष्ट शिकता येत नाही.

पालक ॲप मागतील, मूल कितीदा घाबरलं त्याचा आलेख मागतील. मी दिला नाही. दाराआडून कोणी मोजतंय हे मुलांना लगेच कळतं.

एक काळजी मात्र राहतेच. 'गोळा नसेल तर मी वर्गात जाणार नाही' असं मूल म्हणू लागलं, तर गोळाही टाळाटाळीचं साधन झाला. चिंतेवरच्या उपचाराचा गाभा म्हणजे भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जाणं, आणि ते काम समुपदेशकाचं, आपल्या गोळ्याचं नाही. म्हणून बाईंबरोबर ठरवलं: आधी हातात, मग खिशात, मग दप्तरात, मग घरी.

मध्ये एका मुलाचा गोळा चार आठवडे चार्जच झालेला नव्हता. मी खट्टू होऊन बाईंना फोन केला, म्हटलं, वापरतच नाहीये तो. त्या हसायलाच लागल्या. त्या चार आठवड्यांत तो एकदाही शाळेच्या दारातून परत फिरला नव्हता.