गणपतीला येऊन बघता तर बॅटरी मेलेली? लिथियम बॅटरीच्या या चुका टाळा

दर वर्षी गणपतीच्या आधी दोन-तीन दिवस माझ्या दुकानात एकच सीन असतो. मुंबईवाले येतात, घर उघडतात, जळमटं काढतात आणि मग पिशवीत भरून एकेक वस्तू माझ्या काउंटरवर, टॉर्च, पॉवरबँक, ट्रिमर, कोणाचा तरी जुना लॅपटॉप. "अरे, मे म्हयन्यात एकदाच वापरलंय रे, तरी कशी गेली?" हेच तर सांगायचंय, लिथियमची बॅटरी वापरून मरते त्यापेक्षा नुसती ठेवून जास्त मरते, आणि आपल्याकडे ठेवायच्या जागा पण अशा की विचारू नका.

गोंधळ होतो तो जुन्या सवयींमुळे. होडीवर जीपीएस नि फिश फाइंडर चालवायला १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते ती नेहमी फुल ठेवावी लागते, उतरलेली ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती बाद. उलट जुन्या कॉर्डलेस फोनमधली निकेल-कॅडमियम पूर्ण उतरवून मगच चार्ज करा असं सांगायचे. आता घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात हे दोन्ही नियम पक्के बसलेत, त्यामुळे एकजण फोन रात्रभर फुल ठेवतो आणि दुसरा तो बंद पडेपर्यंत चार्जरला लावत नाही, आणि दोघं एकमेकांना अक्कल शिकवतात. लिथियम-आयनला यातलं काहीच लागू नाही. तिला तळ पण नको, काठोकाठ पण नको.

निघताना सगळं फुल चार्ज करून माळ्यावर ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि करणारे सगळे काळजीवाहू लोक असतात हे विशेष. फुल सेल ४.२ व्होल्टला असतो, तिथे तो जितके दिवस बसून राहील तितकं आतलं रसायन खराब होत जातं, वर उष्णता असली की काम डबल स्पीडने. फोन-लॅपटॉपमधला सेल ४० टक्के चार्जवर २५ डिग्रीत वर्षभर ठेवला तर त्याची साधारण ९६ टक्के ताकद उरते, फुल करून ठेवला तर ८० च्या आसपास, आणि फुल करून ४० डिग्रीत ठेवला तर ६५ वर येतो. म्हणजे एकदाही न वापरता तिसरा हिस्सा गेला. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखालच्या माळ्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा, मग कळेल बॅटरीला काय वाटत असेल ते. निम्मी चार्ज करा, वस्तू पूर्ण स्विच ऑफ करा आणि माजघरात ठेवा. जुन्या घरातलं माजघर यासाठी एक नंबर, जाड भिंती, ऊन नाही, ओल पण कमी.

दुसरं टोक म्हणजे अगदी उतरलेली तशीच सोडून जाणं. बंद वस्तूसुद्धा आतल्या सर्किटमुळे थोडंथोडं पीत असते, चार-पाच महिन्यांत सेल खाली जातो तो जातोच. सेल २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि नंतर चार्ज केलं की तेच तांबं भलतीकडे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणून कोणी "बाहेरून डायरेक्ट सप्लायचा झटका देऊन जिवंत करतो" म्हणाला तर नको म्हणा. मी पण सुरुवातीला एक-दोनदा केलंय, एक सेल टेबलावर असा तापला की चिमट्याने उचलून अंगणात वाळूच्या बादलीत टाकावा लागला, त्यानंतर बंद. घराची चावी ज्या शेजाऱ्याकडे असते त्यालाच सांगून ठेवा, तीन महिन्यांनी एकदा सगळं निम्म्यापर्यंत चार्ज कर म्हणून, आणि येताना त्याच्यासाठी काहीतरी आणा म्हणजे विसरणार नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरचं पण तेच. बंद घराच्या पडवीत महिनोन् महिने उभी करायची तर निम्म्यावर ठेवा, बॅटरी निघत असेल तर काढून आत न्या. रोज वापरणाऱ्यांनी भर दुपारी कातळावर उन्हात लावू नका, झाड बघा. आणि घाट चढून आल्या आल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, अर्धा-पाऊण तास थांबा, चहा घ्या. आंबोलीला राहणाऱ्यांसाठी खास, वरून १०० टक्के करून सावंतवाडीला उतरू नका, भरलेल्या बॅटरीत उतारावर ब्रेक लावताना मोटर जी वीज परत बनवते ती घ्यायला जागाच नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर. ८०-८५ वर निघालात तर खाली पोचेपर्यंत उलट फायदा.

फोनबद्दल फार बोलत नाही, बाईकच्या होल्डरवर उन्हात मॅप चालू, वर चार्जिंग पण चालू, हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन आहे. रात्री गोधडीखाली चार्जिंग करणारे त्यांचे भाऊ. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची लिमिट असेल तर चालू करून टाका. वीस टक्क्यांवर फोन धाडकन बंद पडतो अशी तक्रार असेल तर ती बहुतेक म्हाताऱ्या बॅटरीची खूण असते, लोड आला की व्होल्टेज कोसळतं, ॲप डिलीट करून काही होणार नाही, बदला.

पावसाळ्यात मात्र अर्ध्या लोकांची बॅटरी खराब नसतेच, पोर्ट खराब असतो. खाऱ्या हवेत पिना हिरव्या-काळ्या पडतात, त्यात ओल असताना चार्जर लावला की करंटमुळे गंज आणखी भराभर चढतो. मऊ कोरडा ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, झालं काम. फोन भिजला तर तांदळाच्या डब्यात घालू नका, पिठी आत जाते, दुकानात आल्यावर मला आधी तुमचे तांदूळ निवडत बसावे लागतात.

आता हे ८० टक्के, निम्मं वगैरे सगळं गुंडाळून ठेवायची एक वेळ असते. २०२० च्या जूनमधलं निसर्ग आणि २०२१ च्या मेमधलं तौक्ते वादळ ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको, किती वाड्या कितीतरी दिवस अंधारात होत्या. वादळाचा इशारा आला की सगळं १०० टक्के करा, बॅटरीचं आयुष्य गेलं खड्ड्यात. दोन दिवस फुल राहिल्याने काही बिघडत नाही, दोन महिन्यांनी बिघडतं.

होमस्टेवाल्यांसाठी एक. जुन्या इन्व्हर्टरला नवी लिथियम फॉस्फेट बॅटरी जोडताना सेटिंग लेड-ॲसिडवरच ठेवू नका. तिचे चार सेल फुल झाले की १४.६ व्होल्ट, जुन्या इन्व्हर्टरच्या इक्वलायझेशनमध्ये (लेड-ॲसिडला मधूनमधून मुद्दाम जास्त चार्ज देतो ते) व्होल्टेज त्याच्यावर जातं, मग बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट, कट मारतो आणि तुम्ही बॅटरीवाल्याला शिव्या घालता. हां, या जातीला अधूनमधून पूर्ण फुल करावं लागतं, नाहीतर टक्केवारी भलतीच दाखवते.

आणि जत्रेत घेतलेल्या टॉर्चच्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं असतं ते वाचून हसा आणि पुढे जा. १८ मिलिमीटर जाडीच्या, ६५ लांबीच्या त्या सेलमध्ये चांगल्या कंपनीचे सुद्धा साधारण साडेतीन हजारच बसतात.

बॅटरी फुगली, फोनचा मागचा पत्रा उचलला, की तिथेच वापर थांबवा. चार्ज नाही, दाबणं नाही, टाचणीने हवा काढणं तर अजिबात नाही, तो पेट घेणारा गॅस आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांची आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला द्या, तोवर घराबाहेर पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवा. परसात पातेरा जाळताना त्यात "कचराच आहे" म्हणून टाकणारे लोक मी बघितलेत, आणि तो आवाज पण ऐकलाय.