दातांची तपासणी: या चुका टाळा

दातांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक एकच आहे आणि ती एरवी प्रकृतीची काळजी घेणारी माणसेही करतात. दात दुखत नाही, म्हणजे तो निरोगी आहे, असे ती धरून चालतात. दाताच्या बाहेरच्या आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, संवेदना नसते. त्यामुळे कीड तेथे असेपर्यंत काहीच जाणवत नाही. ती आतल्या डेंटिनमध्ये उतरली की थंड किंवा गोड लागल्यावर कळ येते, पण ती क्षणात जाते म्हणून तिच्याकडेही दुर्लक्ष होते. झोप उडवणारा ठणका सुरू होतो, तेव्हा कीड बहुधा नसेपर्यंत पोहोचलेली असते आणि साध्या फिलिंगने भागले असते ते काम रूट कॅनालवर गेलेले असते.

याहून फसवे असते ते ठणका आपोआप थांबणे. खालच्या दाढेच्या दुखण्यासाठी आलेल्या एका रुग्णाला एक्स-रे पाहून मी रूट कॅनाल सुचवला होता. त्यांनी ते पुढे ढकलले, वेदनाशामक गोळ्या घेतल्या, आणि काही दिवसांनी दुखणे पूर्ण थांबल्यावर दाढ बरी झाली अशी स्वतःची समजूत करून घेतली. कित्येक महिन्यांनी ते परत आले तेव्हा जबडा सुजलेला होता, अंगात ताप होता आणि तोंड जेमतेम बोटभर उघडत होते. त्यांना रुग्णालयात दाखल करून पू काढावा लागला आणि दाढही गेली. “मधल्या काळात काहीच दुखत नव्हते, मग हे अचानक कसे झाले?” असे त्यांनी मला विचारले. अचानक काहीच झाले नव्हते. दाढेतील नस मेल्यामुळे वेदना थांबली होती, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात शिरत राहिले होते. तेव्हापासून दुखणे थांबल्याचे सांगून कोणी भेट रद्द केली, तर मी त्याला स्वतः फोन करतो. सुजेबरोबर गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

दुसरी चूक म्हणजे “फक्त हा एक दात बघा” असा आग्रह. अलीकडे त्याचीच पुढची पायरी आली आहे: मोबाइलवर दाताचा फोटो पाठवून सल्ला मागणे. दोन दातांच्या फटीत लागलेली कीड बाइटविंग एक्स-रेशिवाय, म्हणजे वरखालच्या दाढांचा एकत्र काढलेल्या छोट्या एक्स-रेशिवाय, बहुतेकदा दिसत नाही, ती फोटोत दिसण्याचा प्रश्नच येत नाही. हिरडी आणि दात यांमधील खोली प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईने, मोजावी लागते. ती निरोगी हिरडीत साधारण 1 ते 3 मिलिमीटर असते आणि 4 किंवा अधिक भरली की मी त्या जागेची नोंद करून ठेवतो, कारण दाताभोवतीचे हाड झिजू लागल्याची ती खूण असू शकते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी तर हिरडीतून रक्त येत नाही यावर अजिबात विसंबू नये, कारण निकोटिनमुळे रक्तस्राव दबतो आणि हिरडीचा आजार बाहेरून कळत नाही. संपूर्ण तपासणीत जीभ, तिच्या कडा, तिच्याखालचा भाग आणि गालांची आतली बाजूही पाहिली जाते. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा न गेलेला पांढरा अथवा लाल चट्टा दुखत नसला तरी दाखवलाच पाहिजे.

हिरडीतून रक्त येते म्हणून तेथे ब्रश फिरवणे बंद करू नये. ब्रश बंद केल्याने सूज वाढतेच. स्केलिंगने, म्हणजे दातांवरचे कडक कीटण काढल्याने, दात हलू लागतात, ही समजूतही चुकीची आहे: कीटण निघाल्यावर त्याने भरलेल्या फटी उघड्या पडतात आणि हाड आधीच झिजले असेल तर दातांचा खरा सैलपणा जाणवतो. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते, ती पडणार आहे म्हणून सोडून देऊ नये. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांची माहिती तपासणीपूर्वीच द्यावी. कवळी वापरणाऱ्यांनाही तपासणी लागते.

तपासणी किती दिवसांनी करावी, याचे उत्तर सर्वांसाठी सारखे नाही. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी हे अंतर जोखमीप्रमाणे 3 महिने ते 2 वर्षे असू शकते आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी ते 1 वर्षाहून अधिक नसावे. म्हणून रुग्ण खुर्चीतून उठण्यापूर्वीच मी त्याच्या हिरड्या, कीड आणि सवयी पाहून पुढची तारीख ठरवतो, आणि ती का ठरवली हे त्याच्या कार्डावर लिहून देतो.