टूडी इको मध्ये 'मॉडरेट पीएएच' आलंय? मग रिपोर्ट असा वाचा

घरातल्या कुणाचा टूडी इको झाला की सगळे शेवटची ओळ वाचतात आणि घाबरतात. 'मॉडरेट पीएएच, आरव्हीएसपी ४८' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पीएएच म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतलं वाढलेलं प्रेशर, आरव्हीएसपी म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातलं प्रेशर. बीपी तर १२०-८० हाय, मग प्रेशर कसलं वाढलं म्हणून जो तो विचारतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं आणि फुप्फुसाकडं जाणाऱ्या धमनीतलं वेगळं, तिथलं नॉर्मल प्रेशर साधारण २५-१० एवढंच असतं. त्यामुळं हृदयाची उजवी बाजू पातळ भिंतीची असते, तिला जोर लावायची सवयच नसते.

आता आत काय बिघडतं ते बघा. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या, जाड झाल्या किंवा जुन्या गुठळ्यांनी बुजल्या की रक्ताला पुढं वाट कमी पडते. पंचगंगेवरनं उसाला पाणी नेणारी पाइपलाइन डोळ्यासमोर आणा, मोटर चालू आणि शेताकडचा व्हॉल्व्ह अर्धा बंद, मग पाणी जोरात जाऊन आपटतं, झटका मागं येतो आणि पाइप हादरते. धमनीत पण असंच, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची लाट पुढं आपटून लवकर परत येते आणि मागनं येणाऱ्या रक्ताला अडवते. मोठी धमनी ताणून फुगते, तिच्यात रक्त सरळ न जाता भोवऱ्यासारखं फिरतं, एमआरआयच्या फोर-डी फ्लो तपासणीत हे भोवरे चक्क दिसतात.

रिपोर्टमध्ये आधी टीआर जेट व्हेलॉसिटी शोधा. उजव्या बाजूच्या झडपेतनं थोडं रक्त मागं उडतं त्याचा हा वेग. सेकंदाला २.८ मीटरपर्यंत असेल आणि बाकीच्या खुणा नसतील तर प्रेशर वाढल्याची शक्यता कमी, ३.४ च्या वर गेला तर जास्त. ह्या वेगावरनंच प्रेशर काढतात, वेगाचा वर्ग करून चारनं गुणायचं, म्हणजे वेग ३ असेल तर तीन त्रिक नऊ, नऊ चोक छत्तीस, आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्याचं प्रेशर मिळवायचं जे आयव्हीसी ह्या पोटातनं हृदयाकडं येणाऱ्या मोठ्या शिरेकडं बघून ३, ८ किंवा १५ असं अंदाजानं धरतात. म्हणजे जेट तोच पण आकडा ३९ पण येईल आणि ५१ पण! म्हणून मागच्या वेळी ४२ होतं आता ४८ झालं म्हणून लगेच रडारड नको.

मला विचाराल तर त्याच्यापेक्षा पल्मनरी ॲक्सिलरेशन टाइम बघा, पण बऱ्याच रिपोर्टात तो लिहितच नाहीत, तेव्हा मागून घ्या. फुप्फुसाच्या धमनीत रक्ताचा वेग टोकाला पोचायला लागणारा हा वेळ. नॉर्मल माणसात आलेख छान गोल घुमटासारखा असतो, प्रेशर वाढलं की टोक लवकर येतं, वेळ १०५ मिलिसेकंदाच्या खाली जातो आणि कधीकधी आलेखाला मधेच खाच पडते. ती खाच म्हणजे मगाशी सांगितलेली परत आलेली लाट.

बाकी टॅप्सी (उजवा खालचा कप्पा आकुंचन पावताना किती हलतो ते माप) १७ मिलिमीटरच्या खाली, उजवा कप्पा मोठा, मधला पडदा चपटा झालेला, असं काही लिहिलं असेल तर उजवी बाजू दमलीय, ते डॉक्टरांना लगेच दाखवा.

पक्कं निदान मात्र इकोवर होत नाही, त्याला उजव्या बाजूचं कॅथेटर घालून प्रेशर मोजतात, आणि सरासरी २० च्या वर असेल तर पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर खरंच वाढलेलं. आधी ही रेषा २५ ला होती, २०१८ च्या जागतिक परिषदेत २० वर आणायचं ठरलं. प्रत्येकाला कॅथेटर लागतंच असं नाही, कारण सगळ्यात जास्त पेशंटमध्ये मूळ डाव्या बाजूच्या हृदयात असतं, झडप आवळलेली किंवा जुनं बीपी. तेव्हा डाव्या बाजूचा इलाज आधी. शेजारच्या काकांना सिल्डेनाफिल (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दिली म्हणून आपण पण मेडिकलमधनं आणायची नाही भावा, डाव्या बाजूच्या आजारात ती सरसकट देत नाहीत, आणि छातीसाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर बीपी एकदम कोसळतं.

ओपीडीला जाताना जुने सगळे इको घेऊन जा, आणि पेशंटला दम कधी लागतो ते नीट सांगा. जोतिबाच्या पायऱ्या चढताना लागतो का घरातल्या घरात अंघोळ करताना, ह्यात लई फरक आहे. पाय सुजत असतील, चढताना चक्कर येऊन कोण पडलं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.