ड्रिल मशीनचा चक कसा काढावा आणि नवा कसा बसवावा

बिघडले म्हणून माळ्यावर टाकलेल्या ड्रिल मशीनची मोटर बऱ्याचदा ठणठणीत असते, गेलेला असतो तो फक्त पुढचा चक, म्हणजे बिट (भोक पाडणारी सळी) जबड्यांत धरून ठेवणारा भाग. बिट कितीही आवळले तरी चालता चालता सैल पडते, चावीचे दात घसरतात, तीन जबड्यांपैकी एक मागेच राहतो, नाहीतर बिट डुलते आणि सहा मिलिमीटरचे भोक आठाचे होऊन बसते. चक हा सुटा भाग आहे. तो घरी बदलता येतो आणि त्यासाठी मशीन खोलावे लागत नाही. अडचण एकच असते. चकच्या पोटात उलट्या आट्यांचा एक स्क्रू लपलेला असतो. त्याचा पत्ता नसला की माणूस नुसता जोर लावत राहतो आणि शेवटी चक निघण्याआधी गियर तुटतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या स्क्रूला दिली आहे.

चक खरेच गेला आहे का?

फ्लॅटमध्ये गॅलरीत कपडे वाळत घालायची पुली लावायची, पंख्याचा हुक बसवायचा किंवा गणपतीत मखरावर माळा टांगायच्या, तर स्लॅबला भोक पाडणे आलेच. मशीन वर तोंड करून धरले की सिमेंटचा भुगा सरळ जबड्यांत उतरतो. पुण्याच्या पावसाळ्यात तो ओल धरतो, आतल्या तेलाला चिकटतो आणि त्याचा राखाडी लगदा आट्यांत घट्ट बसतो. असा चक खराब झालेला नसतो, तो नुसता तुंबलेला असतो. मशीनचे तोंड खाली करा, जुन्या टूथब्रशने जबडे घासा, डब्ल्यूडी-४० किंवा तसेच दुसरे गंज सोडवणारे तेल मारा आणि जबडे पूर्ण उघडून-मिटून बघा. चार-पाच वेळा तेल, ब्रश आणि उघडझाप केली की अनेक चक पुन्हा कामाला लागतात.

बिट डुलत असेल तर दोष चकमध्ये आहे की मागच्या बेअरिंगमध्ये, हे पैसे खर्च करण्याआधी ठरवा. प्लग काढा, चक मुठीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. चकसकट स्पिंडलच, म्हणजे चक ज्यावर बसतो तो फिरता दांडाच, हलत असेल तर बेअरिंग गेले आहे आणि नवा चक लावून काहीही साधणार नाही. इम्पॅक्ट ड्रिलचा, म्हणजे ठोकत ठोकत भोक पाडणाऱ्या मशीनचा, स्पिंडल थोडा मागे-पुढे सरकतो, तो मात्र दोष नव्हे. हॅमरची ठोक त्याच हालचालीतून येते. बघायचे ते आडवे हलणे.

आणखी एक गोष्ट आताच पाहून घ्या. तुमचे मशीन रोटरी हॅमर असेल, म्हणजे त्यात खाचा असलेले १० मिलिमीटर दांड्याचे एसडीएस प्लस बिट नुसते आत ढकलून बसत असेल, तर हा लेख त्याला लागू नाही. त्याची रचना वेगळी असते. वर्कशॉपमधल्या टेबल ड्रिलचा चकही बहुतेक वेळा आट्यांवर नसतो, निमुळत्या दांड्यावर दाबून बसवलेला असतो आणि मागून पाचर मारून काढतात. इथे आपण हातातल्या साध्या, इम्पॅक्ट आणि बॅटरीवरच्या ड्रिलबद्दल बोलत आहोत.

लागणारी हत्यारे

एक जाड ॲलन की (एल आकाराची षटकोनी किल्ली), शक्यतो ८ किंवा १० मिलिमीटरची. एक रबरी किंवा लाकडी हातोडा. दांडा लांब असलेला चांगला फुली स्क्रू ड्रायव्हर आणि स्टार बिटांचा संच, कारण बॅटरीवरच्या मशीनमध्ये आतला स्क्रू पुष्कळदा स्टार डोक्याचा असतो. गंज सोडवणारे तेल, टूथब्रश, टॉर्च. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हातोडा मारताना आतले गंजाचे कण बाहेर उडतात.

काम सुरू करण्याआधी प्लग भिंतीतून काढा. बॅटरीचे मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा. नुसते बटण बंद करून चालत नाही. तुमची बोटे चकमध्ये असणार आहेत.

आतला उलटा स्क्रू

जबडे पूर्ण उघडा, इतके की ते चकच्या तोंडात आत गडप होतील. टॉर्चचा प्रकाश आत टाका. तळाशी स्क्रूचे डोके दिसायला हवे. दिसत नसेल तर लगेच स्क्रू नाही असे समजू नका. तळाशी सिमेंट आणि तेलाचा थर इतका सपाट बसलेला असतो की तो चकचा तळच वाटतो. बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने किंवा दाभणाने हलके खरवडा. भुगा सुटायला लागला की आधी स्क्रूची गोल कड दिसते, मग मधली फुली. ती फुली टोकाने कोरून अगदी स्वच्छ करा. यात पाच मिनिटे जास्त गेली तरी चालतील. खाच अर्धी भरलेली असताना स्क्रू ड्रायव्हर फिरवला तर डोके झिजते, आणि मग काम दहा पटींनी अवघड होते.

हा स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सुटतो. नेहमीच्या स्क्रूच्या बरोब्बर उलट. चकचे तोंड तुमच्याकडे आहे असे धरून ही दिशा सांगतो आहे.

तो उलटा का ठेवतात, हे कळले की दिशा पुन्हा कधी विसरत नाही. चक स्पिंडलवर सरळ आट्यांनी बसलेला असतो. मशीन पुढच्या दिशेने चालताना भिंतीचा विरोध चकला आणखी घट्ट करतो. पण अडकलेले बिट सोडवायला तुम्ही मशीन रिव्हर्समध्ये टाकता, तेव्हा तोच विरोध चक सोडवायला लागतो. अशा वेळी सुटू पाहणारा चक आतल्या स्क्रूचे डोके आपल्याबरोबर ओढतो आणि आटे उलटे असल्यामुळे तो स्क्रू आणखी आवळला जातो. चक जागचा हलत नाही. म्हणूनच जी मशीन रिव्हर्स चालत नाहीत, त्यांत हा स्क्रू बहुधा नसतो. रिव्हर्सचे बटण असेल तर स्क्रू आहे असे धरूनच चाला.

खाचेत अगदी नेमके बसेल असे टोक निवडा. आधी तेलाचे दोन थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबा. मग मशीन टेबलावर उभे करून, तोंड वर ठेवून, वरून भार देत फिरवा. चक दुसऱ्या हाताने घट्ट धरा. कारखान्यात या स्क्रूला आटे पकडून ठेवणारे चिकट द्रव लावलेले असते, म्हणून तो सुरुवातीला हटून बसतो. अजिबातच हलला नाही तर तेल कापडाने पूर्ण पुसून घ्या आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक काही मिनिटे स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. उष्णतेने ते द्रव मऊ पडते. तेल ओले असताना उष्णता देऊ नका, ते पेट घेते.

डोके झिजलेच, तर मोडका स्क्रू काढायला मिळणारे नेहमीचे ईझी आउट वापरू नका. ते उलटे फिरवून आत रुतवायचे असते, आणि उलटे फिरवले की हा स्क्रू घट्ट होतो. त्यापेक्षा दुसऱ्या ड्रिलला साधे लोखंडाचे बिट लावून डोक्याच्या मधोमध, हळू वेगात भोक पाडायला घ्या. साधे बिट ज्या दिशेने फिरते, तीच या स्क्रूची सुटण्याची दिशा आहे. त्यामुळे पुष्कळदा डोके कापले जाण्याआधीच स्क्रू सुटून वर येतो.

चक सोडवणे

स्क्रू निघाल्यावर ॲलन कीचा आखूड पाय चकमध्ये घाला आणि तिन्ही जबडे त्यावर नीट आवळा. लांब पाय बाहेर आडवा राहील. मशीनला दोन वेगांचा गियर असेल तर तो १ वर, म्हणजे कमी वेगावर ठेवा. बॅटरीच्या ड्रिलवरची आकड्यांची रिंग ड्रिल बिटाच्या चित्रावर फिरवा, नाहीतर क्लच (जोर जास्त झाला की स्पिंडल मोकळा सोडणारी योजना) घसरत राहील. इम्पॅक्ट मशीन हॅमरवर नाही ना, तेही बघा.

आता मशीन टेबलाच्या कडेवर असे ठेवा की चक कडेच्या बाहेर येईल आणि त्याचे तोंड तुमच्याकडे असेल. ॲलन कीचा लांब पाय तुमच्या डाव्या हाताला, आडवा. मशीनचे धड एका हाताने दाबून धरा आणि लांब पायाच्या टोकावर हातोड्याचा एक झटपट फटका वरून खाली मारा. चक घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो.

इथे ताकदीपेक्षा झटका महत्त्वाचा आहे. हळूहळू जोर वाढवत गेलात तर स्पिंडल, गियर आणि मोटर सगळेच सोबत फिरते आणि चक जिथल्या तिथे राहतो. अचानक फटका बसला की जड मोटरला फिरायला वेळच मिळत नाही, आणि त्या क्षणापुरता स्पिंडल धरून ठेवल्यासारखा होतो. दोन-तीन फटक्यांत आटे सुटतात. पुढे चक हाताने फिरवून काढता येतो. काही मशीनमध्ये चकच्या मागे स्पिंडलला दोन सपाट बाजू दिलेल्या असतात. तिथे योग्य मापाचा फिक्स पाना लावून स्पिंडल धरला तर काम आणखी सोपे. ॲलन की अडवून धरायची आणि मशीन रिव्हर्समध्ये चालू करून चक सोडवायचा, असा एक उद्योग काही जण करतात. कृपा करून करू नका. की निसटली तर ती मनगट मोडू शकते.

चक बंद अवस्थेत जाम झाला असेल तर आतला स्क्रू दिसणारच नाही. रात्रभर तेलात मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुढच्या कड्याला कापड गुंडाळून एक पाइप पाना आणि मागच्या भागाला दुसरा लावून तो उघडण्याचा प्रयत्न करा. तरीही उघडत नसेल तर पुढे जोर करू नका, आत स्क्रू असताना पूर्ण चक पिळला तर स्क्रू तुटून त्याचा तुकडा स्पिंडलमध्ये राहतो. अशा वेळी मशीन रिपेअरवाल्याकडे देणेच स्वस्त पडते.

नवा चक घेताना

जुना चक आणि तो स्क्रू सोबत घेऊनच दुकानात जा. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा नाना पेठेत हार्डवेअरच्या दुकानांत चक मिळतात. काउंटरवर माप सुतात बोलले जाते, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या चकच्या अंगावर आकडे कोरलेले असतात. १/२-२० यूएनएफ (बारीक आट्यांचे इंची माप) लिहिले असेल तर आटे अर्ध्या इंचाचे, म्हणजे चार सुताचे, आणि एका इंचात २० आटे. ३/८-२४ यूएनएफ असेल तर तीन सुताचे, इंचात २४ आटे. १३ मिलिमीटरच्या चकमध्ये पहिले माप सर्रास आढळते. काही मशीनना मिलिमीटरचे आटेही असतात, म्हणून अंदाजाने घेऊ नका. बिट किती जाडीचे बसते हे एक माप आणि मागचे आटे हे दुसरे. दुकानात नुसते “तेराचा चक द्या” म्हटले की घोटाळा होतो.

नव्या चकच्या तळाला आरपार भोक आहे ना, ते बघा. रिव्हर्स मशीनला ते लागतेच. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात वापरलेले चक स्वस्तात मिळतात, पण जबडे झिजलेले आहेत की नाही हे तिथे नीट पारखता आले तरच घ्या.

चावीचा की बिनचावीचा? भिंतीत हॅमरवर काम करणार असाल तर माझे मत ठामपणे चावीच्या चकच्या बाजूने आहे. हादऱ्यांनी बिनचावीचा चक सैल पडतो, स्वस्तातला प्लॅस्टिकचा तर फारच लवकर. लाकूडकाम आणि स्क्रू लावण्याचे काम जास्त असेल तर बिनचावीचा सोयीचा.

बसवणे

स्पिंडलचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. मागे जिथे चक टेकतो ती कडही स्वच्छ हवी. तिथे एक कण राहिला तरी चक तिरका बसतो आणि बिट डुलते. चक हाताने फिरवत शेवटपर्यंत न्या. तो बोटांनी सहज फिरला पाहिजे. दोन आट्यांतच अडला तर आटे जुळत नाहीत. पाना लावून रेटू नका, स्पिंडलचे आटे मरतील. मग पुन्हा ॲलन की लावून, या वेळी लांब पाय उजवीकडे ठेवून, वरून खाली एक मध्यम फटका मारा.

जबडे पूर्ण उघडा, स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (आटे पकडून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावा आणि स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट करा. लाल लॉकटाइट नको, पुढच्या वेळी काढताना नाकी नऊ येतील.

एक सरळ, नवे बिट लावा. चावीचा चक असेल तर तिन्ही भोकांतून आवळा, एकाच भोकातून नव्हे. चावी काढून ठेवा, मग प्लग लावा आणि हळू वेगात चालवून बिटाचे टोक बघा. टोक एका जागी स्थिर दिसले तर चक सरळ बसला आहे. पाच-सहा भोके पाडून झाली की प्लग काढून जबडे उघडा आणि आतला स्क्रू उलट्या दिशेने आणखी एकदा आवळून घ्या.